बहिरी, चरग की जायर? शिकारीसाठी ससाणा कसा निवडतात

‘बहिरी ससाणा’ हे नाव ऐकून हा पक्षी बहिरा असतो असं समजणारी बरीच मंडळी भेटतात. बहिरेपणाशी त्याचा काही संबंध नाही. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र. समुद्राकडून, किनाऱ्याकडून येणारा तो ‘बहरी’. जुन्या मीरशिकाऱ्यांच्या, म्हणजे राजे-नवाबांचे शिकारी पक्षी सांभाळणाऱ्यांच्या, तोंडी हे नाव फारसीतून आलं आणि मराठीत त्याचं बहिरी झालं. ‘ससाणा’ हा शब्द मात्र संस्कृतातल्या ‘शशादन’शी, म्हणजे ससे खाणाऱ्याशी, जोडला जातो. गंमत अशी, की हा समुद्राकडचा बहिरी सहसा सशाच्या वाटेला जातच नाही. तो उडता पक्षी हवेतल्या हवेत मारतो. सशावर सोडायचा तर दुसराच ससाणा लागतो.

नोकरीनिमित्त अबुधाबीत राहायला लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो, “सगळ्यात भारी ससाणा कोणता?” इथल्या ससाण्यांच्या इस्पितळात पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही हेच विचारलं होतं. १९९९ पासून चालू असलेलं हे मोठं इस्पितळ आहे आणि बाहेरच्या लोकांनाही ते बघता येतं. हिरव्या कृत्रिम गवताने मढवलेल्या ठेंगण्या बाकांवर ससाणे ओळीने बसलेले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर चामड्याची छोटी टोपी. तिला इथे ‘बुर्का’ म्हणतात. टोपी चढली की पक्ष्याच्या लेखी रात्र झाली, मग शेजारी कोण बसलंय याची त्याला फिकीर नसते. एका पक्ष्याला घेऊन आलेला सांभाळणारा पाकिस्तानी पंजाबातला होता, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. माझा प्रश्न ऐकून त्याने हातावरच्या पक्ष्याच्या छातीवरून पाठमोरं बोट फिरवलं आणि मलाच विचारलं, “शिकार किसकी? और ज़मीन कैसी?”

ससाणा निवडायचं सगळं शास्त्र या दोन प्रश्नांत आहे. आधी सावज ठरतं, मग ते सावज जिथे राहतं ती जमीन बघायची, आणि पक्ष्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात हे काहीही करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससाणा पकडणं, बाळगणं आणि त्याच्याकरवी शिकार करणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. हा लेख आखाती देश, ब्रिटन, अमेरिका अशा ठिकाणी परवाना घेऊन ही कला करणारे लोक कसा विचार करतात हे समजून घेण्यासाठी आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली, तेव्हा अमिरातीसह अकरा देशांनी मिळून अर्ज केला होता.

आपल्याकडे बाज, शिक्रा आणि ससाणा एकाच पोत्यात टाकले जातात. मीरशिकारी तसं करत नसत. ते पक्ष्याच्या डोळ्यांवरून दोन घराणी पाडत: ‘गुलाबचश्म’ आणि ‘सियाहचश्म’. बाज आणि शिक्रा गुलाबचश्म, त्यांचे डोळे पिवळे किंवा लालसर. पंख आखूड, गोलसर, शेपूट लांब. झाडांच्या गर्दीतून वळणं घेत जायचं, जवळच्या सावजावर एकदम झेप टाकायची आणि पंजात आवळून मारायचं, ही त्यांची पद्धत. नांदेडला गेलेल्यांनी गुरू गोविंदसिंगांच्या चित्रात हातावर बसलेला पक्षी पाहिला असेल, तो बाज. पंजाबचा राज्यपक्षीही तोच.

ससाणे सियाहचश्म, काळ्याभोर डोळ्यांचे. त्यांचे पंख लांब आणि टोकदार. चोचीच्या वरच्या कडेला एक छोटा दात असतो. पकडलेल्या सावजाच्या मानेचा मणका ते या दाताने तोडतात. दोन्ही घराणी इतकी सारखी दिसतात, पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासातून ससाण्यांचं जवळचं नातं पोपटांशी निघालं, गरुड-बाजांशी नाही. म्हणजे मीरशिकाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांकडे बघून केलेली विभागणी बरोबर निघाली. निवडीची पहिली पायरी त्यातूनच ठरते. आजूबाजूला झाडी, बांध, वस्ती असेल तर ससाणा घेऊच नये. त्याला मैलोन्‌मैल मोकळं रान लागतं. ते नसलेल्या माणसाने बाजाच्या घराण्यातला पक्षी बघावा.

मोकळी जमीन आहे असं धरू. आता कोणता ससाणा? इथे पंख आणि वजन यांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. खंबाटकीचा घाट आठवा. मालाने भरलेला ट्रक चढताना धापा टाकतो, पण उताराला लागला की त्याला आवरावं लागतं. रिकामा टेम्पो तोच घाट भराभर चढतो, वळणं सहज घेतो, पण उतारावर त्याला तो रेटा नसतो. बहिरी हा भरलेला ट्रक आहे. मादीचं वजन साधारण किलोच्या आसपास, शरीर घट्ट, पिसं ताठ, आणि त्या वजनाच्या मानाने पंख लहान. त्यामुळे त्याची खरी ताकद उंचीत असते. आभाळात चढून पंख मिटून त्याने सूर मारला की वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. जगातला सगळ्यात वेगवान प्राणी असं त्याला म्हणतात ते या सुराच्या जोरावर. सरळ रेषेत, जमिनीलगत पाठलाग करताना तो इतका वरचढ राहत नाही.

म्हणून बहिरी कशासाठी घ्यावा? जे सावज उठून हवेत येतं त्यासाठी. स्कॉटलंडच्या उघड्या टेकड्यांवर ग्राउस नावाचे तितराच्या जातीचे पक्षी झुडपांत दडून बसतात. कुत्रा वासावरून त्यांचा ठिकाणा लावतो आणि जागच्या जागी गोठून उभा राहतो. मग शिकारी बहिरीला मोकळा सोडतो. तो गोल गोल चढत शे-दीडशे मीटर वर जातो आणि तिथे घिरट्या घालत मालकाची वाट बघतो. तो बरोबर डोक्यावर आला की मालक पुढे धावून ग्राउस उठवतो आणि वरून बहिरी येतो. मला या साऱ्या कलेत सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे थांबणं. एक मोकळा पक्षी, ज्याला कुठेही निघून जाता येईल, तो खाली चालणाऱ्या माणसावर आणि कुत्र्यावर भरवसा ठेवून वर थांबतो. हे एका दिवसात होत नाही. आपण उंचावर असलो की खालून सावज उठतं, हे त्याला अनुभवाने पटावं लागतं. घाईच्या माणसाने त्याला खालच्या खालीच सावज दाखवलं तर तो उंच जायचं सोडून देतो, आणि मग बहिरी घेण्यात अर्थच उरत नाही. बदकं आणि तितर यांच्यासाठीही हीच रीत.

बहिरीविषयी आणखी एक सांगायलाच हवं. विसाव्या शतकाच्या मध्यात डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन तो युरोप-अमेरिकेत झपाट्याने कमी झाला. बंदिस्त जागेत त्याची पैदास करून पिल्लं रानात सोडायचं काम ज्यांनी केलं, त्यांतले पुष्कळ जण ससाणे पाळणारे होते, कारण हा पक्षी हाताळायचा कसा हे त्यांनाच ठाऊक होतं. अमेरिकेने १९९९ मध्ये त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर काढलं.

वाळवंटात गणित बदलतं. इथलं मानाचं सावज म्हणजे हुबारा, आपल्या माळढोकाच्या कुळातला पण आकाराने बराच लहान पक्षी. कच्छ आणि राजस्थानात तो थंडीत येतो. तो धावतो, वाळूच्या रंगात मिसळून बसतो, उठला तर जमिनीलगत लांबवर उडतो. ससाणा अंगाशी आला की चिकट विष्ठेची पिचकारी मारतो आणि ती पिसांना लागली तर ससाण्याला नीट उडता येत नाही. अशा सावजापुढे वरून एकच सूर मारणारा पक्षी बऱ्याचदा रिकाम्या हाताने परततो. इथे लागतो चिवट, जमिनीला न बिचकणारा, चार-पाच किलोमीटर मागे लागून राहणारा गडी. तो म्हणजे चरग. इंग्रजीत त्याला सेकर म्हणतात, अरब ‘हुर्र’ म्हणतात.

चरग मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतला. कझाकस्तान, मंगोलियात तो मुख्यतः जमिनीवरच्या खारींवर आणि उंदरांवर जगतो, त्यामुळे मातीवर झडप घालणं त्याच्या सवयीचं असतं. मादी बहिरीपेक्षा थोडी जड, किलो-सव्वा किलोची, पण पंख जास्त लांब-रुंद आणि पिसं मऊ. घाटातल्या त्या रिकाम्या टेम्पोसारखा तो पटकन वेग घेतो, खालच्या खाली वळतो, चुकला तर पुन्हा चढून येतो. उन्हाचा आणि धुळीचा त्याला बहिरीइतका त्रास होत नाही. वाळवंटातला ससा मारायचा तरी हाच. ‘शशादन’ हे नाव खरं शोभतं ते चरगला.

मऊ पिसांची किंमत मात्र मोजावी लागते. जमिनीवर आपटताना पंखातली आणि शेपटीतली लांब पिसं मोडतात, आणि एक मोठं पीस गेलं तरी उडणं बिघडतं. इस्पितळात हे दुरुस्त करताना मी अगदी जवळून पाहिलं. भूल दिलेला चरग टेबलावर, पंख पसरून ठेवलेला. बाजूच्या खणांत गळलेली जुनी पिसं जातीनुसार, लांबीनुसार लावून ठेवलेली. डॉक्टरांनी मोडलेल्या पिसाशी रंग आणि पट्टे जुळवत दोन-तीन पिसं धरून बघितली, जुळलं ते निवडलं, मोडक्या पिसाचं खोड तिरकं छाटलं, पोकळीत बांबूची बारीक काडी बसवली, थेंबभर गोंद लावला आणि नवं पीस त्यावर सरकवलं. पुढच्या वेळी पिसं झडतील तेव्हा हे उसनं पीसही गळून जाईल आणि त्या जागी स्वतःचं येईल. ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे.

अरब लोकांनी चरग निवडला त्याला त्यांचं जुनं जगणंही कारण होतं. शिकार हा तेव्हा खेळ नव्हता, त्यातून थंडीत चार घास मांस मिळायचं. शरद ऋतूत स्थलांतर करून येणारा कोवळा ससाणा पकडायचा, दोन-तीन आठवड्यांत हाताला लावायचा, हिवाळाभर हुबारा आणि करवानक मारायचे आणि उन्हाळा लागायच्या आत पक्षी सोडून द्यायचा, कारण इथल्या उन्हाळ्यात तो जगवणं अवघड. (करवानकाला अरबीत ‘करवान’ म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परक्या देशात ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.) इतक्या थोड्या दिवसांत शिकणारा पक्षी हवा असायचा आणि चरग तसा असतो. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला ‘फर्ख’ म्हणतात, एकदा पिसं झडून नवी आली की तो ‘गर्नास’. फर्ख लवकर शिकतो. गर्नास अनुभवी, पण मनाचा पक्का.

आज हे चित्र बदललं आहे. जाळी आणि विजेचे खांब यांनी चरगची संख्या इतकी घटवली, की जगभरातल्या संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. मंगोलियाच्या सपाट मैदानात बसायला उंच जागा मिळते ती विजेच्या खांबावरच, आणि तिथे धक्का बसून चरग मोठ्या संख्येने मरतात. अमिरातीत २००२ पासून ससाण्याला पासपोर्ट लागतो. पायातल्या कडीचा क्रमांक त्यावर असतो आणि पक्षी कुठून आला याचा त्यात हिशेब राहतो. १९९५ पासून इथे हंगाम संपल्यावर काही ससाणे तपासून पुन्हा रानात सोडायचा कार्यक्रमही चालतो. त्यामुळे आज चरग निवडायचा तर तो बंदिस्त पैदाशीतलाच घ्यावा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. रानातला पक्षी अधिक तरबेज असतो असं जुने लोक सांगतात. ते खरं असलं तरी रानात तो उरायला हवा.

हुबाऱ्यासाठी आखाती शिकारी भारतापर्यंतही आले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अरब राजघराण्यातल्या मंडळींनी जैसलमेरकडे ससाण्यांसह तळ ठोकला, तेव्हा राजस्थानात लोकांनी मोठा विरोध केला आणि त्यांना परत जावं लागलं.

तिसरा मोठा ससाणा म्हणजे जायरफाल्कन, इथल्या बोलीत ‘जीर’. उत्तर ध्रुवाजवळचा, सगळ्या ससाण्यांत मोठा, मादी दोन किलोपर्यंत जाते. काही पक्षी जवळजवळ शुभ्र पांढरे. सरळ उडण्यात त्याच्यापुढे बहिरी आणि चरग दोघंही मागे पडतात. अमेरिकेत वायोमिंगसारख्या थंड, उघड्या प्रदेशात मोठ्या सेज ग्राउसमागे त्याला सोडतात आणि तिथे तो शोभतो. आखातात तो मुख्यतः देखणेपणासाठी आणि शर्यतींसाठी घेतला जातो, लाखो दिरहम मोजून. ध्रुवाकडच्या स्वच्छ, थंड हवेत वाढलेल्या या जातीची फुप्फुसं बुरशीच्या आजाराला लवकर बळी पडतात, तळपायाला गळवं येतात, आणि उन्हाळाभर त्याला वातानुकूलित खोलीत ठेवावं लागतं. पांढरा रंग बघून वाळवंटात जीर घेणं मला पक्ष्यावर अन्याय वाटतो. ज्याच्याकडे थंड हवा आणि पुरेसं मोकळं रान नाही त्याने हा मोह टाळावा.

यावर माणसाने शोधलेला उपाय म्हणजे संकर. १९७१ मध्ये आयर्लंडमध्ये एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या बहिरी आणि चरग यांनी कोणाच्या ध्यानीमनी नसताना पिल्लं दिली आणि ससाण्यांच्या जाती एकमेकींत मिसळतात हे कळलं. आता जीर आणि बहिरी यांचा संकर सर्रास होतो: जीरचा आकार आणि सरळ वेग, बहिरीचा वरून मारायचा स्वभाव. जीर आणि चरग यांचा संकर वाळवंटाला जास्त मानवतो. आखातातल्या शर्यतीत पक्षी एका माणसाच्या हातावरून सुटतो आणि ४०० मीटरवर फिरवल्या जाणाऱ्या पिसांच्या झुबक्याकडे, ‘तिलवाह’कडे, झेपावतो. चांगला पक्षी हे अंतर वीस सेकंदांच्या आत कापतो. तिथे उंची नको, सूर नको, निव्वळ सरळ वेग हवा, म्हणून जीर आणि त्याचे संकर पुढे असतात. पण असा पक्षी सुटून रानात गेला आणि रानातल्या ससाण्याशी जोडीला बसला तर मूळ जात भेसळते. चरगसारखी आधीच आटत चाललेली जात असेल तिथे संकर उडवणाऱ्याने अंगावर ट्रान्समीटर लावल्याशिवाय पक्षी सोडूच नये.

लहान ससाण्यांबद्दल थोडक्यात. मर्लिन मुठीएवढा, ब्रिटनमध्ये चंडोलावर सोडला जायचा. आपल्याकडची तुरुमती, लालसर डोक्याची, नीळकंठाच्या मागे सोडत. नीळकंठ हवेत कोलांट्या घेतो आणि तुरुमती प्रत्येक कोलांटीला वळते. खरूची हवेत एका जागी फडफडत उंदीर-टोळ हेरते. ती शिकारीच्या फारशी कामाची नाही. तिची अमेरिकेतली बहीण मात्र तिथले नवशिके चिमण्यांसाठी वापरतात. त्या देशात नव्या माणसाला कमीत कमी दोन वर्षं जाणत्याच्या हाताखाली काढावी लागतात. लहान पक्षी सोपा असतो हा समज मात्र चुकीचा आहे. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन पाच-सात ग्रॅमने खाली घसरलं तरी जीव धोक्यात येतो. मोठ्या मादीकडून तेवढी चूक खपून जाते.

वजनाचा काटा हा जातीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नवखे लोक तो विसरतात. ससाणा प्रेमापोटी परत येत नाही, भुकेपोटी येतो. पोट भरलेला पक्षी झाडावर जाऊन बसतो, उपाशी पक्षी अशक्त होऊन मरतो. या दोहोंच्या मधलं वजन प्रत्येक पक्ष्याचं वेगळं, थंडीत वेगळं, उन्हात वेगळं. म्हणून रोज काट्यावर घेऊन वहीत लिहायचं. रोज दोन तास देता येणार नसतील तर जातीची चर्चाच करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नर की मादी हाही प्रश्न निवडीतच येतो. ससाण्यांत मादी नरापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठी. बदक, हुबारा अशा जड सावजाला मादी. तितर, कबुतर अशा चपळ सावजाला नर, कारण तो वळतो पटकन. मीरशिकाऱ्यांनी नर-मादीला वेगळी नावंच दिली होती: चरग मादी, तर नर ‘चरगेला’, लग्गर मादी, तर नर ‘झग्गर’.

हा लग्गर आपल्या घरचा. भारतीय उपखंडातला, दख्खनच्या कोरड्या माळावर राहणारा, तपकिरी, साधा दिसणारा ससाणा. वेगात बहिरीच्या खाली, ताकदीत चरगच्या खाली, स्वभावाने मवाळ. जुन्या काळी नवशिक्याच्या हातावर पहिला ससाणा म्हणून हाच द्यायचे. आज शिकारीसाठी त्याला फारसं कोणी निवडत नाही. निवडतात ते फास लावून ससाणे पकडणारे, आमिष म्हणून. पाकिस्तानात त्याच्या पायाला पिसांचा गुंडा आणि बारीक फास बांधून, डोळे अर्धवट शिवून त्याला हवेत सोडतात. याला ‘बराक’ म्हणतात. दुरून बघणाऱ्या चरगला किंवा बहिरीला वाटतं की याने काहीतरी पकडलंय. तो हिसकावायला येतो आणि फासात अडकतो. महागडा पक्षी पिशवीत जातो. लग्गरला काहीच किंमत नसते, मेला तर दुसरा पकडतात. गेल्या काही दशकांत तो खूप कमी झाला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

माळावर विजेच्या मनोऱ्यावर किंवा एखाद्या एकट्या झाडावर, कावळ्या-घारीच्या जुन्या घरट्याजवळ, तो जोडीने बसतो. मिशीसारखी बारीक काळी रेघ, तांबूस डोकं, काळे डोळे. शिकारीला निघाली तर दोघं मिळून निघतात, एक सावज उठवतो आणि दुसरा त्याला गाठतो.